हृद्रोग आणि शेजारधर्म

रोग माणसामाणसांत भेद करीत नाही, असे म्हणतात. परंतु रोगाविषयीचे ज्ञान मात्र भेद केल्यावाचून राहत नाही. ज्या भाषेत ते छापले जाते त्या भाषेच्या वाचकाकडे ते लवकर जाते. ज्या घरात कोणी डॉक्टर आहे तेथे त्याहून लवकर जाते. आणि जो मनुष्य आपला देश सोडून, उतारवयात, परक्या भाषेच्या मुलखात येऊन राहिला आहे, त्याच्या दाराशी ते पुष्कळदा उंबऱ्याबाहेरच तिष्ठत राहते. हा उंबरा ओलांडावा कसा, हा आजच्या सार्वजनिक आरोग्यशास्त्रापुढील एक मोठा प्रश्न आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आर्मेनियन लोकांच्या उदाहरणावरून तो चांगला उलगडतो.

आर्मेनियन लोक भारताला अपरिचित नाहीत. कलकत्त्यातील त्यांचे नाझरेथचे चर्च १७२४ सालचे आहे. मुंबईच्या फोर्ट भागातही त्यांचे चर्च आहे. आणि आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक निघाले ते १७९४ साली, आपल्या मद्रासेत. ते आर्मेनियन येथे आले ते व्यापारासाठी. विसाव्या शतकातील त्यांचे देशांतर मात्र निराळे होते. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात त्यांचा भीषण संहार झाला आणि वाचलेले लोक सीरिया, लेबनॉन, फ्रान्स, अमेरिका असे जिकडे वाट फुटेल तिकडे गेले. पुढे १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली, १९७९ साली इराणात क्रांती झाली, ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप होऊन पंचवीस हजारांवर माणसे गाडली गेली आणि १९९१ साली सोविएत संघ कोसळला. या प्रत्येक धक्क्याबरोबर काही कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेंडेल या शहराची वस्ती सुमारे दोन लाख आहे; त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक आर्मेनियन वंशाचे आहेत. तेथे दुकानांच्या पाट्या, बेकरीतील भाकऱ्या आणि बागेतील म्हाताऱ्यांच्या गप्पा सगळे आर्मेनियन आहे. अमेरिकेत राहूनही एखाद्या आजीला इंग्रजीचा एक शब्द न बोलता दिवस काढता येतो. अडचण येते ती इस्पितळाच्या दारात.

देशांतराचा आणि हृदयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. हृद्रोग हा केवळ नशिबाचा किंवा वयाचा भाग नसून त्याला ओळखता येण्याजोगी कारणे आहेत, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या दीर्घ पाहणीने सिद्ध केले. पाच हजारांवर स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करून तेथील संशोधकांनी वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांकडे बोट दाखविले. त्यानंतर जपानी लोकांचा अभ्यास झाला. जपानात राहणाऱ्यांपेक्षा हवाई बेटांतील जपान्यांत आणि त्यांच्यापेक्षाही कॅलिफोर्नियातील जपान्यांत हृद्रोग अधिक आढळला. वंश तोच, तरी रोगाचे प्रमाण निराळे. १९७६ साली मायकेल मार्मट आणि लेनर्ड साइम यांनी आणखी एक गोष्ट पुढे मांडली: कॅलिफोर्नियातीलच ज्या जपान्यांनी आपली जुनी सामाजिक वीण टिकवून ठेवली होती, त्यांच्यात हृद्रोग कमी होता, आणि केवळ आहार वा धूम्रपान यांच्या फरकाने त्याचा पुरता उलगडा होत नव्हता. खुद्द आर्मेनियातही भूकंपानंतर हजारो लोकांची चार वर्षे पाहणी झाली. ज्यांनी अधिक गमावले होते त्यांच्यात पुढे हृद्रोगही अधिक दिसला. तात्पर्य, हृदयावर जो भार पडतो तो ताटातला असतो, विडीकाडीतला असतो, तसाच तो स्मृतींतलाही असतो.

आर्मेनियन स्थलांतरितांनी हे तिन्ही भार बरोबर आणलेले आहेत. आर्मेनियात प्रौढ पुरुषांपैकी सुमारे निम्मे धूम्रपान करतात. उपाहारगृहांत धूम्रपानाला तेथे बंदी आली ती २०२२ साली. खाण्याचे म्हणाल, तर ‘बास्तुर्मा’ म्हणजे मीठ चोळून, दाबून वाळविलेले गोमांस. त्यावर मेथी, लसूण आणि लाल मिरची यांचा जाड लेप असतो. खारे चीज, खारवलेल्या भाज्या, मीठ घातलेले ‘तान’ नावाचे ताक, हे सारे रोजचे. हिवाळ्याच्या सकाळी गाईच्या पायांचे रात्रभर उकळलेले ‘खाश’ नावाचे सार मीठ आणि लसूण घालून मित्रमंडळींसह खाण्याचा थाट काही औरच. यातील एकेक पदार्थ स्वतःच्या जागी गोडच आहे. पण डोंगरातील कष्टाच्या जीवनात जे खपून जात होते, ते मोटारीतून हिंडणाऱ्या आणि भरल्या दुकानांच्या शहरात खपत नाही. आणि स्मृतींविषयी बोलायचे तर १९१५ ची कहाणी प्रत्येक घरात आहेच. त्यात २०२३ च्या सप्टेंबरात काराबाख सोडून एक लाखावर आर्मेनियन एका आठवड्याच्या आत बाहेर पडले, तेव्हा ग्लेंडेलमधल्या वृद्धांनी ते दृश्य दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिले.

आता अशा घरात एक छापील पत्रक गेले, असे समजा. त्यात लिहिले आहे, मीठ कमी करा, धूम्रपान सोडा, नियमाने तपासणी करा. उपदेश शास्त्रशुद्ध आहे. मग तो वाया का जातो?

पहिली अडचण भाषेचीच आहे. पत्रक आर्मेनियन भाषेत छापले तरी ती सुटत नाही. मेस्रोप माश्तोत्स याने इसवी सन ४०५ च्या सुमारास सिद्ध केलेली लिपी सर्वांची एकच. पण भाषेची रूपे दोन. आर्मेनियातून आणि इराणातून आलेले लोक पूर्वेकडील आर्मेनियन बोलतात, लेबनॉन-सीरियाकडचे पश्चिमेकडील. एकाचा पेत्रोस तो दुसऱ्याचा बेद्रोस. त्यावर आणखी, सोविएत काळात वाढलेला मनुष्य रक्तदाबाला सर्रास रशियन शब्द वापरतो आणि तेहरानहून आलेला फारसी. पत्रकातील शुद्ध शब्द कानांना परका वाटला, की सांगणाराही परका वाटू लागतो.

दुसरी अडचण शब्दांच्या पलीकडची आहे. मराठीत आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असे म्हणतो. आर्मेनियन भाषेतही ‘आघ ऊ हात्स’, म्हणजे मीठ आणि भाकरी, हा शब्दप्रयोग स्नेहाचा आणि पाहुणचाराचा वाचक आहे. ज्या समाजात मीठ ही मैत्रीची खूण आहे, तेथे ‘मीठ कमी करा’ हे कोरडे वाक्य वैद्यकीय सल्ल्यासारखे ऐकू येत नाही. ते घरच्या गृहिणीला आपल्या हातच्या पाहुणचारावर ठेवलेल्या बोटासारखे वाटते.

तिसरी अडचण जुन्या सवयीची. सोविएत व्यवस्थेत वस्तीचा डॉक्टर ठरलेला असे. तो प्रसंगी घरी येई. अमेरिकेत विमा, वेळेची नोंदणी, एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे पाठवणी, असा मोठा पसारा आहे. तो न उमगल्यामुळे मनुष्य आपल्या ओळखीच्या औषधांकडे वळतो. जुन्या सोविएत प्रदेशात घरोघरी ‘वालिडोल’ नावाची मेंथॉलयुक्त गोळी असे. छातीत कळ आली की ती जिभेखाली धरावयाची. ‘कोर्वालोल’ नावाचे थेंबही असत. त्यात फेनोबार्बिटल हे गुंगी आणणारे द्रव्य असते. अशा उपायांनी मनाला धीर येतो, जिभेला गारवा वाटतो. पण हृदयाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी त्यांनी सुटत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. गारव्याची वाट पाहत घालविलेला अर्धा तास पुढे कोणत्याही इस्पितळाला परत देता येत नाही.

या तिन्ही अडचणींवर सुचलेला उपाय नवा नाही. समाजातलेच, लोकांच्या विश्वासातले माणूस निवडावे, त्याला थोडे पण पक्के शिक्षण द्यावे आणि त्याच्याच तोंडून शास्त्र घराघरात पोहोचवावे, ही ती कल्पना. महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे हाच प्रयोग आरंभिला. अक्षरओळखही नसलेल्या खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका बनविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात या कामाची दखल घेतली गेली. पुढे १९७८ साली सोविएत संघातील अल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत अशा लोकसेवकांना मानाचे स्थान दिले. अमेरिकेत लॅटिन वंशाच्या वस्त्यांतून याच धर्तीच्या ‘प्रोमोतोरा’ काम करू लागल्या. तेथील राष्ट्रीय हृदयसंस्थेने आरोग्यशिक्षकांसाठी पाठ्यपुस्तिका काढल्या, त्याही सर्वांसाठी एकच न काढता लॅटिन, फिलिपिनो, आफ्रिकन-अमेरिकन आणि मूळ इंडियन समाजांसाठी वेगवेगळ्या. हृदय सर्वांचे सारखे असले तरी स्वयंपाकघरे सारखी नसतात, हे त्यामागचे तत्त्व होय.

आर्मेनियन वस्तीत असे शिक्षक तयार करावयाचे, तर पहिला प्रश्न निवडीचा. पदवी किती मोठी, यापेक्षा चारचौघे कोणाचे ऐकतात हे पाहावे लागते. चर्चच्या सभागृहात पंगतीची व्यवस्था पाहणारी प्रौढा, मायदेशी परिचारिका असलेली आणि येथे त्या व्यवसायाची परवानगी नसल्याने घरी बसलेली स्त्री, बागेत ‘नार्दी’चा सोंगट्यांसारखा डाव मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्यांत ऊठबस असलेला निवृत्त शिक्षक, ही माणसे उपयोगी पडतात. पुरुषांचीही निवड अगत्याची आहे. कारण सिगारेटचा विषय नार्दीच्या पटाभोवती जसा निघेल तसा तो स्त्रियांच्या बैठकीत निघणार नाही. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील अशा दोन्ही भाषारूपांची माणसे गटात असावी लागतात.

त्यानंतर येते हाताचे शिक्षण. रक्तदाब मोजणे सोपे वाटते, पण चुकीचे मोजणे त्याहून सोपे आहे. मनुष्याने पाच मिनिटे स्वस्थ बसले पाहिजे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलणे बंद, आणि आधीच्या अर्ध्या तासात कॉफी किंवा सिगारेट नको. आर्मेनियन घरात हा शेवटचा नियम पाळणे कठीण. पाहुणा आत आला की लहानशा भांड्यात दाट कॉफी उकळायला लागते, आणि ती नाकारणे म्हणजे घराचा अवमान. म्हणून शिक्षिकेला युक्ती शिकवावी लागते. ‘तातिक’, म्हणजे आजी, अशी हाक मारून तिने आधी यंत्र लावावे आणि कॉफी मोजणीनंतर आनंदाने घ्यावी. अशा बारीकसारीक गोष्टी पाठ्यपुस्तकात नसतात. त्या माहीत असतात शेजारणीलाच.

मोजणीहून कठीण काम समजावण्याचे. वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून डोके दुखले तर गोळी घ्यावी आणि राहिले तर सोडावी, अशी पुष्कळांची समजूत असते. औषध बरे वाटण्यासाठी नसून पुढचा पक्षाघात किंवा झटका टाळण्यासाठी रोज घ्यावयाचे आहे, हे एकदा सांगून भागत नाही. नुसते सांगण्याऐवजी विचारावे, हा धडा येथे दिला जातो. घरातील सर्व औषधे टेबलावर मांडायला लावावीत, कोणती कशासाठी आणि केव्हा घेता ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, आणि शेवटी समजलेले त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावावे. घोटाळा कोठे आहे तो तेथेच उघडा पडतो. जुन्या देशातून आलेली डबी त्यात निघाली, तर ती फेकून न देता डॉक्टरांना दाखवायला सांगावे. रागावले की पुढल्या वेळी डबी लपविली जाते.

आहाराच्या बाबतीत या समाजाजवळ स्वतःचेच एक भांडार आहे. ईस्टरच्या पूर्वी आर्मेनियन चर्चचा चाळीस दिवसांचा मोठा उपवास येतो. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्या काळासाठी पिढ्यान्‌पिढ्या रचलेला स्वयंपाक निराळाच आहे: कोबीच्या पानांत हरभरे, मसूर, घेवड्याचे दाणे आणि भरडलेला गहू भरून केलेला ‘पासुत्स तोल्मा’, मसुराचे सार, हिरव्या पाल्याचे पदार्थ. डाळी आणि भाज्या वाढवाव्यात, मांसातील चरबी कमी करावी, असे वैद्य सांगतो तेव्हा तो परका आहार सुचवीत असतो. शिक्षिका तेच सांगताना म्हणते, ‘तुमच्या आईची उपवासाची पाककृती इतर दिवशीही करा.’ फक्त उपवासाचे सगळेच हृदयाला हितकर असे नाही. लोणची तेव्हाही खारटच असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याएवढेसुद्धा नाही, इतके मीठ सांगते. बास्तुर्म्याचे पातळ दोन काप पाहुण्यासाठी ठेवावेत, रोजच्या न्याहारीसाठी नव्हे. चीज पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा काढावा. तानात मिठाऐवजी पुदिना चुरडावा. या तडजोडींनी पाहुणचार शाबूत राहतो.

धूम्रपानाविषयी धाक घालणे निरुपयोगी ठरते. ज्याने युद्ध आणि भूकंप पाहिला त्याला सिगारेटची भीती काय घालणार? त्यापेक्षा आशा दाखविणे बरे. सोडल्यानंतर वर्षभरात हृद्रोगाचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि साठीनंतर सोडले तरी लाभ होतो, ही माहिती त्याला मोलाची वाटते. नातवंडांचे नाव घेतले, तर अधिकच.

शेवटी आणीबाणीचे शिक्षण. छातीवर दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठ यांकडे जाणारी कळ, घाम, धाप. स्त्रियांत कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा. अशी लक्षणे दिसताच नऊ-एक-एक हा क्रमांक फिरवावा. मुलाला कामावरून बोलावू नये, स्वतः मोटार हाकू नये, पाहुण्यांपुढे तमाशा नको म्हणून गप्प बसू नये. इंग्रजी येत नसले तरी ‘आर्मेनियन’ एवढा एक शब्द उच्चारला तर दुभाषी जोडून देण्याची सोय असते. पत्ता मात्र इंग्रजीत पाठ असावा. एखादा कोसळला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे चर्चच्या सभागृहात सतरंजीवर पुतळा ठेवून प्रत्येकाच्या हातून करवून घ्यावे लागते.

शिक्षिकेला तिची मर्यादाही तितक्याच आग्रहाने शिकवावी लागते. ती निदान करीत नाही, औषध बदलत नाही. आकडा फार वर दिसला तर डॉक्टरकडे पोहोचविते. ऐकलेले बाहेर बोलत नाही. लहानशा समाजात आजाराची बातमी वाऱ्यासारखी पसरते, आणि ‘आमोत’, म्हणजे लाज, हा शब्द तेथे फार जड आहे. एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरात गेली, की दहा घरांचे दार बंद होते. नातवाला दुभाषी करून आजोबांच्या हृदयाची वार्ता त्याच्या तोंडून वदवू नये, हेही तिने कुटुंबाला पटवावे लागते.

या पद्धतीने खरोखर लाभ होतो काय? फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली लोकांतूनच शेकडो कार्यकर्ते आणि गृहिणींच्या संघटना यांना हाताशी धरून हृद्रोगाविरुद्ध मोहीम निघाली. पुढल्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृद्रोगाचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. अर्थात त्यात कायदे, शेती आणि औषधे यांचाही वाटा होता. लॉस एंजेलिस परगण्यातच कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. न्हाव्याने ग्राहकांना प्रोत्साहन दिले आणि औषधतज्ज्ञाने दुकानात येऊन औषध दिले, तेथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जेथे न्हाव्याने केवळ डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला, तेथे सुमारे ९ अंकांनी. यातून दोन बोध निघतात. विश्वासाच्या माणसाने दार उघडते. पण त्या दारातून उपचार आत आला नाही, तर नुसत्या उपदेशाचे फळ थोडेच मिळते.

उणीव आहे ती येथेच. असे उपक्रम पुष्कळदा ठराविक मुदतीच्या अनुदानावर चालतात. मुदत सरली की शिकविलेल्या स्त्रिया पांगतात. ज्या घरांनी त्यांच्यापुढे औषधांच्या डब्या मांडल्या, त्यांना पुन्हा एकदा कोणी तरी अर्ध्यावर सोडून गेल्याचा अनुभव येतो. ज्या समाजाने एवढी ताटातूट पाहिली, त्याच्या बाबतीत हा दोष लहान नव्हे. शेजारधर्माला वेतन, सातत्य आणि मान यांची जोड मिळाली नाही, तर तो दुसऱ्याच्या खर्चाने केलेला दानधर्म ठरतो.

आर्मेनियन माणूस जिव्हाळ्याने बोलू लागला की ‘त्सावत तानेम’ असे म्हणतो. ‘तुझे दुखणे मी घेऊन जावे’ असा त्याचा अर्थ. आपल्याकडे दृष्ट काढताना माता इडापीडा स्वतःवर ओढून घेते, त्यातलाच हा भाव. दुसऱ्याचे दुखणे कोणाला खरोखर उचलून नेता येत नाही. पण शेजारच्या तातिकच्या घरी जावे, आधी दाब मोजावा, मग तिची कॉफी प्यावी आणि गोळी आज घेतली की नाही ते विचारावे, एवढे मात्र शिकता येते आणि शिकविताही येते.